भाऊबीजेचं लुगडं

समुद्रपूरजवळच्या त्या गावात दर भाऊबीजेला भैय्याजींच्या ओसरीवर कापूस वेचणाऱ्या बायांची रांग लागे. बाया मालकाला ओवाळत आणि मालक प्रत्येकीच्या ताटात एक लुगडं टाकत. एवढा मोठ्या मनाचा भाऊ वर्षभर मात्र सरकारने ठरवलेल्या मजुरीच्या निम्मीच हातावर ठेवी. भावाकडे हक्क मागायची कुणाची जीभ उचलणार?

१९७८ साली वर्ध्याच्या सुलोचनाबाई मास्तरणींनी किमान वेतनाचा दावा लावला. साक्षीला त्या वेचणाऱ्या बायांतली आनंदाबाई उभी राहिली. अंगावर आठ दिवसांपूर्वी मिळालेलं हिरवं लुगडं, समोर भैय्याजी.

"मजुरी पुरी मिळते?" कामगार अधिकाऱ्यांनी विचारलं.

आनंदाबाईने हिरवा पदर डोक्यावर ओढला. "भेटते साहेब."

दावा फेटाळला गेला. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक गुलाब घरी चिडली, "माय, तू खोटं काऊन बोलली वं?"

"भाऊ म्हनते मी त्याले. त्याच्यावर कशी उलटू?"

पोटाला पुरं पडत नव्हतं, म्हणून गुलाब भरल्या दिवसांतही आईबरोबर वेचायला जात होती. पौषात ती शेतातच कोसळली. आनंदाबाई धावत ओसरीवर गेली. "भाऊ, बैलबंडी दे. पोरीले सेवाग्रामच्या दवाखान्यात न्या लागते."

"बैलं कामात हायेत," भैय्याजी म्हणाले. "कापसाचा वेचा चालू हाये, दिसून नाई राह्यलं का तुले?"

शेवटी बाजेवर घालून सडकेपर्यंत नेली, मग एसटीने. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात रक्तच उरलं नव्हतं. मूल गेलं, पाठोपाठ गुलाबही गेली.

सवाष्ण लेकीला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. आनंदाबाईच्या घरात धडकं असं एकच होतं. तिने तेच हिरवं लुगडं लेकीला नेसवलं आणि ऊर फुटेस्तोवर रडली.

पुढच्या भाऊबीजेला ती ओसरीवर गेली नाही. भैय्याजींनी लुगडं घरी पाठवलं, ते तिने आल्या माणसाच्या हाती परत दिलं आणि एसटीने वर्धा गाठलं. "बाई, दावा पुन्हा लावा," ती सुलोचनाबाईंना म्हणाली. "मी बोलते आता."

पुन्हा तीच खोली, समोर तेच भैय्याजी. या वेळी अंगावर ठिगळाचं जुनेर. आनंदाबाईने किती मिळायचे, किती बुडायचे, सगळं सांगितलं. साहेबांनी जुना कागद उलटला.

"मागच्या खेपेला तुम्ही पुरी मजुरी मिळते म्हणालात. खोटं का बोललात?"

आनंदाबाईने एकवार भैय्याजींकडे पाहिलं.

"तवा मले भाऊ होता साहेब," ती म्हणाली. "अन् लेकबी होती."