इंग्रजी बोलणारी हलगी

मित्रांनो, मी मलकापूरची एक जुनी हलगी. सध्या खुंटीला लटकून दिवस काढते. पण एके काळी मी इंग्रजी शिकवत होते, असं सांगितलं तर हसू नका.

आकारामनं लोखंडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणून मला घडवलं. जाळावर शेकलं की माझा आवाज कडक निघे. कुस्तीच्या मैदानात मी घुमू लागले की पैलवान शड्डू ठोकत आणि लोक आकारामला फेटा बांधत. तेव्हा माझाही तोरा काही कमी नव्हता.

आकारामची नात साक्षी मात्र बोलताना अडखळे. साताऱ्याच्या इंग्रजी भाषणस्पर्धेत तिला उसावर बोलायचं होतं आणि नेमका ‘शुगरकेन’ हाच शब्द घशात अडके. तिच्या शिक्षिका समीनाबाई घरी आल्या आणि मला मांडीवर घेऊन बसल्या.

“शब्दाचे तुकडे पाड, बाळ. शु-गर-केन. पहिल्यावर जोर, दुसरा अगदी हलका, तिसरा मधला.”

तसे तीन ठोके पडले. साक्षीनं मला वाजवायचं टिपरू हातात घेतलं, माझ्यासोबत तोंड उघडलं आणि शब्द सुटला! मग ‘फार्महाउस’ सुटला, ‘वॉटरपंप’ सुटला. रोज संध्याकाळी आम्ही दोघी मिळून सगळं भाषण म्हणू लागलो. इतका मान मला मैदानातही मिळाला नव्हता.

स्पर्धेच्या सकाळी तिनं मला खांद्याला अडकवलं. आकारामनं मला काढून घेतलं.

“आगं, तितं मोठी मान्सं असत्यात. हलगी बघून हसतील की आपल्याला.”

“आबा, असू द्या. तिला तेवढाच आधार हाय,” तिला न्यायला आलेल्या समीनाबाई म्हणाल्या.

“नगं बाई. लाज जाईल.”

मी पुन्हा खुंटीवर गेले.

साक्षी परतली ती मुकाट्यानं. पहिल्याच वाक्यात शब्द अडकला होता आणि सभागृह हसलं होतं. ज्या हसण्याला आकाराम भ्याला, ते पोरीच्या वाट्याला आलं. त्यानं मला शेकून तिच्यापुढं धरलं. “चुकलं माझं. वाजव की गं, बाय.” तिनं मान फिरवली. त्यानंतर आकारामनंही मला हात लावलेला नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. कातडं फाटलं तर नवं चढवता येतं. पण एखादं लेकरू ज्याच्या आधारानं बोलतं, तो आधार चारचौघांच्या लाजेपायी काढून घेऊ नका. आमची साक्षी आता पाणीसुद्धा बोटानं मागते.