खांद्यावरचा कॅमेरा

बाबांना सगळं गाव ‘हलूनका’ म्हणायचं, आणि ते नाव त्यांनी कमावलेलंच होतं. पासपोर्टचा फोटो असो की नव्या जोडप्याचा, कॅमेऱ्यामागून पहिला हुकूम तोच: हलू नका! रडतं पोरसुद्धा गप्प व्हायचं. आणि नशिबाची थट्टा बघा, नेमके त्याच माणसाचे हात थरथरायला लागले. एका लग्नातले निम्मे फोटो हलले, तेव्हापासून बाबांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. स्टुडिओ लेकीकडे आला. बाबा खुर्चीत बसून गिऱ्हाइकांच्या कॉलरी सरळ करायचे, बस्स.

लेकीला एकच गोष्ट छळत होती. मोठा पाऊस ओसरला की बाबा दर वर्षी नदीचा एक फोटो काढून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावायचे. गेल्या वर्षी काचेत जुनाच राहिला. यंदाही तसंच झालं तर बाबा पुन्हा कधीच कॅमेरा धरणार नाहीत, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

म्हणून पाऊस उघडताच तिनं त्यांना जवळजवळ ओढतच पुलाजवळ आणलं. ‘‘स्टँड आहे, बाबा. तुम्ही नुसतं बटण दाबायचं.’’

नदी तांबडीलाल, दोन्ही काठ भरून धावत होती. वरच्या कट्ट्यापाशी तिनं स्टँड उभा केला, कॅमेरा काढला आणि उलटा करून पाहिला. कॅमेरा स्टँडवर बसवायची चकती स्टुडिओतल्या दुसऱ्या कॅमेऱ्यालाच राहिली होती.

‘‘मग तूच काढ पटकन,’’ बाबा म्हणाले. सुटलो एकदाचे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तिनं काढला. बाबांनी स्क्रीनवर बघून नाक मुरडलं. ‘‘ही काय नदी आहे? पासपोर्टला बसल्यासारखी दिसतेय! शटर हळू ठेव. पाणी वाहू दे, पुलाचा खांब तेवढा स्थिर हवा.’’

तिनं शटर हळू केलं, तर खांबही हलला.

‘‘माझा तरी हात कुठे स्थिर आहे?’’ ती वैतागून म्हणाली. मग बाबांकडे पाठ करून, कट्ट्याला दोन्ही हात टेकून घट्ट उभी राहिली. ‘‘घ्या. मीच स्टँड.’’

‘‘वेडी की काय तू!’’

‘‘तुमच्या खांद्यावर बसून मी सगळं गाव पाहिलंय. आता माझ्या खांद्यावर टाका भार.’’

मग खांद्यावर कॅमेऱ्याचं वजन आलं, आणि त्याच्याबरोबर बाबांच्या हातांची थरथर. त्यांनी कॅमेरा दाबून धरला तशी ती कमी झाली, पुरती थांबली मात्र नाही.

‘‘श्वास सोड. आता घेऊ नकोस. हलू नकोस!’’ तोच जुना दरारा.

पहिला बिघडला. दुसराही बिघडला. तिसऱ्यात मात्र खांब ठाम उभा होता आणि तांबडं पाणी त्याला वळसा घालून सुसाट निघालं होतं.

बाबा फोटोकडे बघत राहिले. तिला वाटलं, आता म्हणणार, झालं तुझ्या मनासारखं, चल घरी.

‘‘डावीकडे जरासा हललाय,’’ ते म्हणाले. ‘‘काचेत हा नाही चालायचा. उभी राहा, परत घेऊ.’’

तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आवरेचनात.

‘‘रडतेस काय?’’ मागून आवाज आला. ‘‘रडताना खांदे हलतात. आधी रडून घे पोटभर. मी थांबतो.’’