यशोधराताईंच्या बाजूची भिंत

शालिग्राम गभणे हौसेने काही करायला निघाले की कुणाला विचारत नसत. जबलपूरला रांझीच्या फॅक्टरीत मशीनवर जन्म गेला, मापात कधी सूतभर फरक पडला नाही; पण बायकोला काय हवं, ते मात्र ते आपल्याच मनाने ठरवत आणि ठरवून मोकळे होत.

मागच्या हिवाळ्यात इंदूबाई मागच्या अंगणात घसरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला आणि त्यांचं अंगणात जाणं बंद झालं. नेपियर टाउनचे डॉक्टर म्हणाले, ऊन मिळू द्या, गार वारा लागू देऊ नका. आता जबलपूरच्या थंडीत वारा सोडून नुसतं ऊन आणायचं कुठून? शालिग्रामरावांनी उपाय काढला: स्वयंपाकघराला लागून काचेची खोली. पुढून काच, वरून काच, रिछाईतला ओळखीचा कारागीर अॅल्युमिनियमच्या चौकटी करून देणार. नकाशा काढणाऱ्याने एवढंच सांगितलं, की एका बाजूची सामाईक भिंत छतापर्यंत चढणार, तेव्हा शेजाऱ्यांची सही आधी आणा, मग नगर निगमात फाइल लावू.

शेजारी म्हणजे यशोधराताई. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्या राहणाऱ्या. इंदूबाईंची आणि त्यांची मैत्री मुलं लहान होती तेव्हापासूनची. सहीची काळजी शालिग्रामरावांना नव्हतीच. नकाशा घेऊन ते ऐटीत गेले.

"छताचं पाणी आमच्याकडंच पडन," ते समजावून सांगू लागले. "सावली तुमच्या कढीपत्त्यापर्यंत येत नाही, दोरी लावून पाह्यलं मी. आणि तुमच्या बाजूनं खिडकी तर काय, साधा झरोकाही नाही ठेवला. तुमाले काही त्रास नको."

यशोधराताईंनी चष्मा लावला. छतापर्यंत गेलेल्या त्या भिंतीवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

"मी नाही करत सही, भाऊजी."

"काहून? काही अडचण असन तर सांगा न."

"अडचण काही नाही. मले मंजूर नाही." त्या उठून आत गेल्या, चहासुद्धा विचारला नाही.

शालिग्रामरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन त्यांनी नकाशा टेबलावर आपटला. "पाह्य तुझी मैत्रीण! तुले ऊन मिळून राहिलं, ते नाही पाहवत तिले!" इंदूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर घेऊन बसले होते, डोक्यात अजून तोच राग. मागून टकटक ऐकू आली. हा आवाज रोजचा. यशोधराताई आलं ठेचत असतील, असं ते धरून चालले होते. पण आज त्या बाईच्या आल्याचासुद्धा राग आला, म्हणून ते तावातावाने उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

यशोधराताई भिंतीपलीकडे उभ्या होत्या. स्वयंपाकघरातून त्या काही दिसत नव्हत्या, फक्त भिंतीवर चमचा वाजवणारा हात दिसत होता. आणि इकडे इंदूबाई ओट्याला टेकून वॉकरच्या दांडीवर चमचा वाजवत होत्या.

"भाजी कोणती आज?" पलीकडून हाक आली.

"वांगं!" इंदूबाई ओरडल्या, आणि ओरडताना त्यांना धाप लागली.

शालिग्रामरावांनी ओट्याकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं. "हे रोज चालते?"

"पडले तेव्हापासून. आधी भिंतीशी जाऊन बोलत होतो, आता इथूनच. ती समोरच्या दारानं येते न, पण मग पाहुण्यासारखी सोफ्यावर बसते. दोघी अवघडतो." इंदूबाईंनी चमचा ओट्यावर ठेवला. "खोलीत ऊन येईन, माहीत आहे. पण मग मी बोलू कोणाशी?"

"मले सांगायचं न!"

"एवढ्या हौसेनं करून राहिले होते तुम्ही. काय सांगू?"

शालिग्रामरावांना स्वतःचीच लाज वाटली. शेजाऱ्याकडे खिडकी काढली म्हणून लोक डोकी फोडून घेतात. त्यांनी मोठ्या समजूतदारपणे ती टाळली होती आणि नेमकं बायकोचं माणूस भिंतीत चिणून टाकलं होतं. त्यांनी लगेच कानामागची पेन्सिल काढली, इंदूबाईंना खुर्चीत बसवून खांद्यापर्यंत माप घेतलं आणि नकाशावर एक चौकोन काढला.

"या खिडकीले हरकत आहे का?" पलीकडे जाऊन त्यांनी यशोधराताईंच्या पुढ्यात कागद ठेवला.

ताईंनी पुन्हा चष्मा लावला. "जाळी बसवणार?"

"नाही."

"वाटी जाईन?"

"परातही जाईन, ताई."

नकाशा नव्याने काढून त्यांनी तो पुन्हा नेला. या वेळी सही तर झालीच, वर चहाही मिळाला.

खोली पुढच्या थंडीपर्यंत उभी राहिली. पहिल्या सकाळी काचेतून ऊन आत आलं, इंदूबाई खुर्चीत बसल्या आणि बसल्याबसल्या त्यांनी खिडकी सताड उघडली. पलीकडे यशोधराताई स्टुलावर बसलेल्या. गप्पा सुरू झाल्या, आणि खिडकीतून बोचरा वारा थेट आत. ज्याला अडवायला एवढी काच लावली, तोच वारा मजेत घरभर फिरू लागला.

शालिग्रामराव खिडकी लावायला ताडकन उठले. दोन पावलं गेले आणि थांबले. इंदूबाई हसत होत्या. ऑपरेशननंतर त्या अशा हसलेल्या त्यांना आठवेनात.

ते आत गेले, शाल आणली आणि बायकोच्या खांद्यांवर नीट लपेटली. मग पुन्हा आत जाऊन दुसरी आणली आणि खिडकीतून पलीकडे दिली.