राहून गेलेलं लाल बटण

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. नाक मुरडू नका. एके काळी मला नुसतं बघायला शेजारपाजारची माणसं गोळा व्हायची.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईंनी माझ्या पोटात तारा जोडल्या, दुसरीने झाकण बसवलं, आणि मी या घरात आलो. मुलांचे पाढे, बाळांचं रडणं, पाहुण्यांची बेसूर गाणी, सगळं निमूटपणे साठवलं. पुढे माझ्याहून चपळ यंत्रं आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. वीस वर्षं मी एका फुटक्या बादलीशेजारी काढली, आणि ती बादली एक शब्द बोलली असेल तर शपथ!

शेवटी घरातल्या नातीने मला खाली काढलं, पुसलं, नव्या बॅटऱ्या घातल्या. म्हणाली, "आजोबा, तुमच्या जहाजाच्या गोष्टी यात भरून ठेवा. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची. मग नवीन भरलं जातं आणि जुनं पुसलं जातं. नुसतं शेजारचं दाबलंत तर जुनंच वाजेल."

आजोबा युद्धाच्या काळात जहाजावर आचारी होते. तोफगोळे पडत असताना आपण हातातलं पातेलं कसं सांडू दिलं नाही, हे सांगताना ते असे रंगात यायचे की काही विचारू नका. आजी स्वयंपाकघरातून टोकायची, "अहो, परवा तीन गोळे होते. आज सात कसे झाले?"

आजी तेव्हा बंदरावरच्या कारखान्यात खलाशांसाठी तरंगती जाकिटं शिवायची. आजोबा जाकीट घट्ट होतं अशी तक्रार घेऊन गेले. ती म्हणाली, "जाकीट बरोबर आहे. स्वतःच्या हातचं जरा कमी खा." आजोबा तिथेच गारद झाले. पत्रं सुरू झाली. मग आजीनेच एका पत्रात विचारलं, "लग्न कराल का माझ्याशी?"

अकरा महिने उत्तर आलं नाही. युद्ध संपल्यावर आजोबा दारात हजर झाले, टपाल गहाळ झालं म्हणाले, आणि लग्न झालं. पण आपण त्यांना नकोशा होतो का, ही शंका आजीच्या मनातून गेली नाही. ती साठ वर्षं हसत हसत विचारत राहिली, आणि आजोबा साठ वर्षं टपालखात्याला बोल लावत राहिले.

एका सकाळी आजी बाजारात गेली होती. आजोबांनी दोन्ही बटणं दाबली आणि हळूच म्हणाले, "पत्र मिळालं होतं मला. त्याच दिवशी आमच्या शेजारचं जहाज बुडालं. त्यातल्या आचाऱ्याचं नवीनच लग्न झालं होतं. म्हटलं, मी हो लिहायचं आणि बुडून जायचं, मग तिने काय करायचं? त्यापेक्षा ती माझ्यावर चिडलेली बरी."

बोलून झालं आणि आजोबा घाबरले. टेप मागे फिरवली, पुसायला बटण दाबलं. पण लाल बटण दाबायचं राहूनच गेलं! मी खणखणीत आवाजात वाजू लागलो. आजोबांचं कानातलं यंत्र टेबलावर पडलेलं. ते आपले निवांत बसले होते. आणि दारात, हातात पिशवी घेऊन, आजी उभी होती. तिने शब्द न् शब्द ऐकला. मला तर फार आनंद झाला.

आजीने पिशवी ठेवली, डोळे पुसले आणि ते यंत्र आजोबांच्या कानात बसवलं.

"तुम्ही बुडाला असतात तर मी रडलेच असते," ती म्हणाली. "उत्तर आलं नाही म्हणूनही रडतच होते. पण ते अकरा महिने मी तुमची म्हणून काढले असते. मला हवे होते ते."

आजोबांची मान खाली गेली. "चुकलं गं माझं."

"मग आता द्या उत्तर." तिने स्वतः माझी दोन्ही बटणं दाबली. "लग्न कराल का माझ्याशी?"

"हो," आजोबा म्हणाले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्रांना अधूनमधून कोरडं फडकं लावा, बॅटऱ्या आत सडू देऊ नका. आणि कुणाला उत्तर द्यायचं राहिलं असेल तर ते आजच देऊन टाका. मला मात्र भंगारात काढायची घाई करू नका. रोज दुपारी आजी मला जवळ घेऊन बसते, आणि तो "हो" तिला अजून पुष्कळ वेळा ऐकायचा आहे.