रंगलेले हात

अंजनाने दोन्ही हात मनगटापर्यंत बादलीत बुडवले. औषधाचं जांभळं पाणी डहुळलं आणि पुन्हा निवळलं. पटकीच्या रोग्याला शिवलं की याच पाण्यात हात धुवायचे. महिनाभरात तळवे विटकरी झाले होते.

कवठे महांकाळच्या शाळेतले वर्ग रिकामे करून रोग्यांच्या खाटा मांडल्या होत्या; अंजना तिथली नर्स. नातलगांना कुंपणाच्या आत बंदी होती. अंजनाला मात्र कुंपणाबाहेरही कुणी जवळ येऊ देत नव्हतं. नळावर तिचे हात दिसले, की बायका घागरी उचलून बाजूला सरत. म्हणून रोज संध्याकाळी ती लिंबाच्या फोडीने तळवे चोळत बसायची. रंग फिका व्हायचा. बायका सरायच्याच.

उद्या नागपंचमी. मेढ्याहून भाऊ सयाजी मुराळी म्हणून न्यायला येणार होता. नवरा पलटणीत, लांब सरहद्दीवर. माहेरची ही दोन दिवसांची रजा तिने डॉक्टरांच्या पाठीस लागून मिळवली होती. पिशवी भरून ठेवली होती. सकाळपासून एस.टी. वाजली, की ती दाराशी जाऊन उभी राहायची.

दुपारच्या गाडीचा कंडक्टर कुंपणापलीकडूनच ओरडला, "बाई, तुमच्या सयाजीचा सांगावा हाय. यंदा येऊ नगा म्हनं. गाव भ्यालंय."

"बरं," अंजना म्हणाली. तो वळून गेला, तरी ती पुन्हा एकदा "बरं" म्हणाली.

आत हरणाबाई खाटेवर उठून बसली होती. मेंढरांमागं रान तुडवत म्हातारी झालेली बाई. काल दिवसभर अंजनाच तिच्या उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होती. आज जिभेला धार आली होती.

"आगं, सलाईनची सुई काढलीस, आता तानंनं मारतीस व्हय? माजी मेंढरं बरी, हाक मारली की येत्यात."

अंजना साखर-मिठाचं पाणी ढवळू लागली. म्हातारीची नजर तिच्या हातांवर ठरली.

"मेंदी लय रंगलीया की गं! कुनी लावली?"

चमचा थांबला.

"भावजयीनं," अंजना हळूच म्हणाली. "कालच."

"म्हायेरला गेलतीस?"

"व्हय. भाऊ आला हुता न्यायला. वडाला झोका बांधलाय. पोरींनी फेर धरला, गाणी म्हटली..." ती पुन्हा पाणी ढवळू लागली. साखर केव्हाच विरघळली होती.

हरणाबाईने पेला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. त्याच बादलीत धुतलेले तिचेही तळवे विटकरी होते.

"आन् माजी?" ती म्हणाली. "माजी रंगली का न्हाई?"

अंजना त्या सुरकुतलेल्या तळव्यांकडे बघत राहिली.

"लय रंगली, आत्या."

"मग एकादं गानं म्हन की. उद्या पंचमी, आन् असं मुकं बसत्यात व्हय?"

अंजनाने घसा खाकरला. ओच्यात संध्याकाळसाठी ठेवलेलं लिंबू होतं. ते काढून, चिरून, तिने पेल्यात पिळलं. दोन थेंब बोटांवर ओघळले. ते तिने चोळले नाहीत. पदराला हलकेच टिपून घेतले.