काकूकडचे अपूर्णांक

बाई शाळेत गणित शिकवायच्या. वीस वर्षांत कितीतरी पोरांना त्यांनी अपूर्णांकांतून पार केलं होतं. घरची नऊ वर्षांची लेक मात्र त्यांच्यापुढे वही उघडली की मुकी व्हायची. तीच पोर संध्याकाळी वरच्या मजल्यावर काकूकडे तास तास रमायची. काकू म्हणजे बाईंची धाकटी जाऊ. पडदे शिवायची. शाळा सातवीतच सुटलेली.

वरून दोघींचं हसणं ऐकू आलं की बाई खालचं दार धाडकन लावून घ्यायच्या. "दिव्याखाली अंधार," नवरा एकदा गमतीने म्हणाला. बाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

चाचणीत लेकीला दहापैकी नऊ पडले आणि पेपर तिने आधी वर नेला. बाईंचं डोकंच फिरलं. "उद्यापासून अभ्यास खाली. माझ्यापुढे."

लेक बसली. पेन्सिल जरा थांबली की बाई सांगायच्या, "तसं नाही, आधी छेद बघ." चौथ्या दिवशी खोडून खोडून कागद फाटला. लेक रडली नाही. हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

बाई तडक वर गेल्या. "तू तिला उत्तरं सांगतेस का गं?"

जावेने मशीन थांबवलं. "मला कुठं येतात, ताई? मी विचारते, पावणेदोन मीटरचे तीन पडदे, कापड किती लागेल? ती सांगते. मग कापायच्या आधी टेप लावून बघतो."

"आणि चुकलं तर?"

"तिचं तिलाच दिसतं. वेळ लागतो. पण तोवर माझे हात चालूच असतात."

बाई जिना उतरून खाली आल्या.

रविवारी त्या लेकीला म्हणाल्या, "या खिडकीला पडदा हवाय. कापड किती लागेल, काढशील?"

लेकीने टेप लावला. सव्वा मीटरच्या दोन पट्ट्या, दोन्ही मिळून पाव मीटर दुमडायला. बोटं मोजता मोजता अडली. उत्तर बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी जीभ दाताखाली धरली.

"पावणेतीन," लेक अखेर म्हणाली. "बरोबर आहे?"

"तूच बघ पडताळून."

तिने पडताळलं आणि काकूला सांगायला जिना चढून पळाली. बाई तिच्यामागे जिन्यापर्यंत गेल्या. हाक मात्र त्यांनी मारली नाही.

थोड्या वेळाने लेक आपणहून खाली आली. "आता दुसरी खिडकी घेऊ," म्हणाली.