कॅप्टनचे गुडघे

ऑरिन काकांनी पूर्वज शोधून आणण्याचे कंत्राट दिले, तेव्हा मला नवल वाटले नाही. शवपेट्यांच्या मुठी बनवून त्यांनी कनेक्टिकटमध्ये कारखाना उभा केला होता. मेलेल्या माणसांकडून काहीतरी मिळवायची त्यांना सवयच होती. आता त्यांना घराणे हवे होते.

गावाच्या नव्या दफनभूमीत टेकडीवरची सर्वांत कोरडी जागा घेऊन त्यांनी ग्रॅनाइटचा स्तंभ उभारला. वर कोरले होते, ‘कॅप्टन जेबेझ ट्रेडवे, स्वातंत्र्ययुद्धातील वीर’. खाली काकांचे स्वतःचे नाव, जन्मसाल आणि पुढे मोकळी जागा. मधल्या पिढ्या स्तंभाने गाळल्या होत्या.

मधल्या पिढीत हल्डा ट्रेडवे होती. काकांची आई, माझी आजी. नवरा गेल्यावर तिने लोकांचे कपडे धुतले, लोकांच्या फरशा घासल्या आणि शेवटच्या हिवाळ्यात ती गावच्या गरीबघरात मेली. तिला मागच्या दलदलीत पुरले. दगड नाही. डिलाइट आत्याने लावलेले लायलॅकचे झुडूप तेवढे आहे. आत्या तेव्हा सोळा वर्षांची होती. ऑरिन काकांना आणि माझ्या वडिलांना तिनेच वाढवले. आता ती काकांच्या बुरूजवाल्या घरात, स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहत होती.

एकदा न्याहारीला तिने विषय काढला.

“ऑरिन, खणणारी माणसं आलीच आहेत, तर आईलाही वर आणू. बर्फ वितळलं की तिथं पाणी साचतं.”

“ताई, आपली माणसं गरीबघराच्या आवारात खणताना दिसली, तर लोक विचारतील, तिथं कोण होतं म्हणून.”

“सांग की. आई होती म्हणावं.”

“तुला कळत नाही. अनावरणाला न्यायाधीश येणार आहेत. त्यांना काय सांगू? लोकांचे परकर धूत होती?”

“तुझे लंगोटही धूत होती. तेही सांग.”

काकांनी अ‍ॅपल पायचा दुसरा तुकडा ताटात घेतला. विषय संपला.

त्याच आठवड्यात कंत्राटदार क्रँडल ट्रेडवेंच्या जुन्या डोंगरी शेतावरून पेटी घेऊन आला. पेटीला काकांच्या कारखान्यातल्या, चांदीचा मुलामा दिलेल्या मुठी होत्या. मी कॉलेजात शरीररचना शिकले होते आणि मुलींच्या शाळेत प्राणिशास्त्र शिकवत होते. एरवी काका माझ्या शिक्षणाला ‘लग्न टाळायचा उपाय’ म्हणत. आता मी ‘आमची शास्त्रज्ञ’ झाले, कारण हाडांवर त्यांना शास्त्राचा शिक्का हवा होता.

बग्गीखान्यात क्रँडलने झाकण उघडले.

“उंचापुरा गडी होता, बाई. मांडी बघा.”

मी पाहिली. खुरावरचे नळीचे हाड हातात घेतले. त्याच्या टोकाला कप्पीसारखे दोन स्वतंत्र गोल उंचवटे असतात. माणसाच्या पायात असले हाड नसते.

“डोकं कुठे आहे?” मी विचारले.

“लढाईत उडालं असेल, बाई. तोफगोळा.”

मी झाकण लावून आत्याकडे गेले. ती वाटाणे सोलत होती.

“आत्या, पेटीत मेंढी आहे.”

“लोकरीची की मटणाची?”

“हाडांवरून सांगता येणार नाही.”

“तिथं मेंढवाडाच होता,” आत्या म्हणाली. “आणि जेबेझ पणजोबा कुठले सापडतायत? उन्हाळ्यात युद्धाला गेले, गवत कापायला घरी आले. पुढे जमीन बघायला म्हणून ओहायोला गेले, ते गेलेच.”

तिने वाटाण्यांचे भांडे बाजूला ठेवले, एप्रन सोडला आणि मला घेऊन सरळ काकांच्या अभ्यासिकेत शिरली.

“ऑरिन, तुझा कॅप्टन मेंढी निघाला.”

काकांनी माझ्याकडे पाहिले. “खात्री आहे?”

“खुरं असलेल्या कॅप्टनची नोंद माझ्या वाचनात नाही.”

त्यांना लाज वाटेल असे मला क्षणभर वाटले होते. ते म्हणाले, “अनावरण शनिवारी आहे. वर्तमानपत्रात छापून आलंय. क्रँडलला दुसरं काहीतरी आणायला सांगतो.”

“दुसरं काय, ते मी सांगते,” आत्या म्हणाली. “त्या पेटीत आईला ठेव. नाहीतर शनिवारी ही खुरांवर दोन शब्द बोलेल.”

काकांनी विचार केला. कारखान्यात मुठींचा नवा नमुना पाहताना ते असाच चेहरा करत.

“दगडावरचं नाव बदलणार नाही.”

“आत्या, मग काय उपयोग?” मी म्हणाले.

“नाव तिथंही नाही, पोरी. इथं निदान पाय कोरडे राहतील.”

आजीला आणताना मी तिथे होते. लायलॅकच्या मुळांनी तिला धरून ठेवले होते, ती सोडवायला वेळ लागला. रिकाम्या खड्ड्याचे काय करायचे, असे क्रँडलने विचारले. आत्या म्हणाली, “मेंढीला ठेवा. ओल आहे, पण लोकर असते त्यांना.”

काकांना घराण्याच्या इतिहासासाठी आणि पाद्रीबाबांच्या भाषणासाठी माझा एक परिच्छेद हवा होता. मी दिसले तेवढेच लिहिले. बांधा लहान. डावे मनगट मोडून वाकडे जुळलेले. गुडघ्यांची हाडे एकमेकांवर घासून हस्तिदंतासारखी गुळगुळीत झालेली, वर्षानुवर्षे गुडघ्यांवर राहून काम केल्यासारखी. खोटे मी लिहिणार नव्हते, आणि खरे काय ते काका ओळखणार नव्हते.

“मनगट,” काका खूश होऊन म्हणाले. “तलवार चालवताना मोडलं असणार.”

लहानग्या काकांना गोठलेल्या तळ्यावरून ओढून आणताना आजी घसरली होती, तेव्हा ते मोडले होते. आत्याने मला ते पूर्वीच सांगितले होते. काकांना आठवत नव्हते, किंवा आठवून परवडत नव्हते.

शनिवारी बँड वाजला. न्यायाधीश आले, कारखान्यातले कामगार धुतलेल्या कॉलरी लावून रांगेत उभे राहिले. काकांनी हॅट छातीशी धरली होती. पाद्रीबाबा माझा परिच्छेद घेऊन उभे राहिले. ‘काम’ हा शब्द काकांनी आधीच खोडला होता.

“शास्त्रच साक्ष देते,” पाद्रीबाबा म्हणाले, “की या वीराचे गुडघे प्रार्थनेने झिजले होते.”

बायकांनी रुमाल काढले. काकांचेही डोळे भरून आले, आणि तेवढे मात्र खरे असावे. आपल्या घराण्याविषयी त्यांना मनापासून गहिवर येई.

आत्या माझ्याकडे झुकली.

“करायची हं ती प्रार्थना. बादलीतलं पाणी थोडा वेळ गरम राहू दे म्हणून.”

गर्दी मेजवानीकडे वळली. एका म्हाताऱ्या सैनिकाने कॅप्टनसाठी मातीत छोटा झेंडा रोवला आणि सलाम ठोकला. आत्याने तो जाईपर्यंत वाट पाहिली. मग पुढे होऊन तिने बुटाच्या टाचेने माती दाबली, टाच उचलून पाहिली, पुन्हा दुसरीकडे दाबली. कोरडी होती.